‘रुग्णाने सहकार्य केले नाही’ : एका शेऱ्यामागील भीती, तिचे निदान आणि तिची नोंद

वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, देणग्या आणि ताळेबंद यांची पाने क्रमाने येतात. या आकड्यांत ज्यांचा समावेश होत नाही असे काही रुग्ण दरवर्षी आमच्या दारातून परत जातात. त्यांना आम्ही नाकारलेले नसते आणि प्रत्येक वेळी पैशांची अडचण असते असेही नाही. तपासणीची वेळ ठरलेली असते, यंत्र सुरू असते, तंत्रज्ञ तयार असतात. तरीही तपासणी होत नाही. एम. आर. आय. विभागाच्या नोंदवहीत अशा रुग्णांच्या नावापुढे एक ठराविक शेरा आढळतो : ‘रुग्णाने सहकार्य केले नाही. तपासणी अपूर्ण.’

सरत्या वर्षी वैद्यकीय अभिलेख विभागाची अंतर्गत तपासणी करताना हा शेरा आमच्या वाचनात वारंवार आला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा अभ्यासविषय नव्हे. परंतु हिशेबाच्या वह्या तपासण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे एक गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. ज्या संस्थेच्या वहीत ‘किरकोळ खर्च’ हे खाते फुगत जाते, तेथे खर्च किरकोळ नसतात. योग्य खाते शोधण्याचा कंटाळा केलेला असतो. आमचा ‘सहकार्य नाही’ हा शेरा असेच एक किरकोळ खाते होऊन बसला होता. त्याखाली नेमके काय दडले आहे, हे पाहण्यासाठी आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी, रेडिओलॉजी विभागाने आणि अभिलेख विभागाने एकत्र बसून जुने केसपेपर वाचले. त्यातून जे उमगले ते देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एकच शेरा, तीन रुग्ण

पुढील तीन उदाहरणांत रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिल्या रुग्ण पन्नाशीच्या एक भगिनी. कंबरदुखी आणि पायाला मुंग्या या तक्रारींसाठी त्यांना मणक्याची एम. आर. आय. तपासणी सांगितली होती. टेबल यंत्राच्या बोगद्यात सरकू लागताच त्या घामाने डबडबल्या, ‘मला बाहेर काढा’ म्हणून ओरडल्या आणि उठून बसल्या. दुसऱ्या तारखेलाही तेच घडले. त्यानंतर त्या येईनाशा झाल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा एका पावलातील शक्ती कमी झाली होती.

दुसरे रुग्ण सेवानिवृत्त शिक्षक. मेंदूच्या तपासणीसाठी त्यांना आडवे केल्यावर पाचच मिनिटांत ‘गुदमरते आहे’ म्हणून ते उठले. शेरा तोच. पुढच्या वेळी झोपेचे औषध देऊन तपासणी करावी, असेही केसपेपरवर लिहिले गेले होते. सुदैवाने त्याआधी एका निवासी डॉक्टरांनी त्यांना साधा प्रश्न विचारला : ‘गुरुजी, रात्री किती उशा घेऊन झोपता?’ गुरुजी कित्येक आठवडे उशांना टेकून, जवळजवळ बसूनच झोपत होते. हृदयाची शक्ती कमी झाल्याने फुफ्फुसांत पाणी साचत होते आणि सपाट झोपताच धाप लागत होती. हृदयावरील उपचारांनंतर ते त्याच यंत्रात शांतपणे पडून राहिले. त्यांची अडचण भीतीची नव्हतीच. अशा अवस्थेत झोपेचे औषध देऊन त्यांना सपाट झोपवले असते, तर जिवावर बेतले असते.

तिसरा एक महाविद्यालयीन विद्यार्थी, गुडघ्याच्या दुखापतीचा. यंत्राचा ठोठो आवाज सुरू होताच तो घाबरून बाहेर आला. आवाज किती वेळ होणार, तो कशामुळे होतो आणि गुडघ्याच्या तपासणीत पाय आधी आत जात असल्याने डोके बोगद्याच्या तोंडाशी किंवा बाहेरच राहते, यांपैकी काहीच त्याला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञांनी सर्व समजावून सांगितले आणि तपासणी सुरळीत पार पडली.

तीन माणसे, तीन कारणे आणि वहीत एकच ओळ. पहिल्या भगिनींना भयगंड होता, गुरुजींना हृदयविकार होता आणि विद्यार्थ्याला माहिती हवी होती.

साधी भीती आणि भयगंड

भीती हा आजार नव्हे. उंच कड्याच्या टोकाशी पाऊल मागे घेणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. भीती धोक्याच्या मानाने फार मोठी असते, तीच परिस्थिती समोर आली की ती दरवेळी जवळजवळ हमखास उसळते, माणूस ती परिस्थिती टाळू लागतो किंवा कमालीच्या यातनेने सहन करतो आणि या टाळण्यामुळे त्याचे काम, प्रवास, औषधोपचार अडू लागतात, तेव्हा वैद्यकशास्त्र तिला भयगंड म्हणते. लिफ्ट, विमान, बोगदा, बंद खोली अशा परिस्थितींशी जोडलेल्या भयगंडांचा एक स्वतंत्र गट मानला जातो.

हा विचार नवा नाही. जर्मन वैद्य कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये मोकळे चौक व रस्ते ओलांडताना भयाने ग्रासल्या जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून त्या विकाराला ‘अगोराफोबिया’ हे नाव दिले. बंदिस्त जागेच्या भीतीसाठी ‘क्लॉस्ट्रोफोबिया’ हा शब्द १८७९ मध्ये फ्रान्समधील बेंजामिन बॉल यांनी रूढ केला. म्हणजे आमच्या विभागात आज जे घडते त्याला नाव मिळून जवळपास दीड शतक लोटले आहे. उणीव होती ती आमच्या वहीत ते नाव लिहिले जाण्याची.

रुग्णालयात आणखी एक भयगंड नेहमी दिसतो, तो रक्ताचा व सुईचा. त्याचे शरीरशास्त्र निराळे आहे. बंदिस्त जागेच्या भीतीत नाडी व रक्तदाब वाढतात, धडधड होते, घाम फुटतो. रक्त पाहून घाबरणाऱ्यांमध्ये मात्र हे थोडा वेळ वाढून एकदम खाली येतात आणि माणूस चक्कर येऊन पडतो. म्हणून त्यांना हातापायांचे स्नायू आवळून रक्तदाब टिकवून ठेवण्याचे तंत्र शिकवतात, तर बंदिस्त जागेला घाबरणाऱ्यांच्या उपचाराची आखणी वेगळी असते. ‘घाबरट रुग्ण’ एवढेच लिहिले, तर हा भेद कागदावरून पुसला जातो.

निदान कसे होते

यासाठी रक्ताची चाचणी नाही, क्ष-किरण चित्र नाही. निदान प्रश्नांतून होते आणि प्रश्नांना वेळ लागतो. आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्या भगिनींशी निवांतपणे बोलणे केले, तेव्हा वीस वर्षांची हकीकत उलगडली. कंबर दुखत असूनही त्या बाह्यरुग्ण विभागाचे जिने चढूनच येत असत, कारण लिफ्टचे दार बंद झाले की श्वास कोंडतो असे त्यांना वाटे. न्हाणीघराची कडी त्या लावत नसत. एस. टी.त खिडकीची जागा मिळाली नाही तर त्या ती गाडी सोडून देत. घरच्यांनी हा ‘तिचा स्वभाव’ म्हणून स्वीकारला होता. आजवर कोणत्याही डॉक्टरांनी विचारले नव्हते आणि त्यांनाही हे सांगण्याजोगे वाटले नव्हते.

येथे एक सावधगिरी आवश्यक असते. लिफ्ट टाळणाऱ्या प्रत्येकाची भीती एकच नसते. कोणी बंदिस्तपणाला घाबरतो. कोणी काचेच्या लिफ्टमधून दिसणाऱ्या उंचीला. कोणी पूर्वी लिफ्टमध्ये घडलेल्या एखाद्या भीषण प्रसंगाच्या आठवणीला. लिफ्टचे बटण अस्वच्छ आहे या विचाराच्या पुनरावृत्तीने कोणी हैराण असतो. कोणाला लिफ्ट, गर्दी, बाजार, बस अशा अनेक ठिकाणी ‘मला काही झाले तर येथून निघता येणार नाही’ असे वाटते; तो अगोराफोबिया. कोणाला कोठेही, कारणाविना भीतीचे झटके येतात. तो पॅनिक विकार. बाहेरून दिसणारी कृती एक, पण निदाने निरनिराळी आणि उपचारही निरनिराळे. म्हणून ‘लिफ्टमध्ये नेमके काय होईल असे वाटते?’ हा प्रश्न निदानाच्या मुळाशी असतो.

त्याआधी शारीरिक कारणे पाहावी लागतात. सपाट झोपल्यावर लागणारी धाप, दमा, थायरॉईडचा विकार, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, कानाच्या दोषामुळे येणारी चक्कर, काही औषधांचे परिणाम : हे सर्व भीतीचा वेष घेऊन येऊ शकते. गुरुजींचे उदाहरण आम्ही विसरणार नाही.

कालावधीचीही अट आहे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डी. एस. एम. या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार अशी भीती साधारणपणे सहा महिने वा अधिक काळ टिकलेली असावी. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे वर्गीकरण ‘कित्येक महिने’ अशी अट घालते. एका तपासणीच्या दिवशी एकदा घाबरलेल्या माणसावर भयगंडाचा शिक्का मारता येत नाही, हे यातून स्पष्ट व्हावे.

नोंद कशी असावी

आमच्या व्यवसायात म्हणत असत, व्हाउचर नाही तर नोंद नाही. केसपेपरवरील निदानालाही असेच व्हाउचर लागते. भगिनींच्या केसपेपरवर पूर्वी चार शब्द होते. आता तेथे पुढील आशयाची नोंद आहे :

‘टेबल आत सरकताच एका मिनिटात धडधड, घाम, थरथर, “अडकून पडेन, श्वास कोंडेल” ही भीती. बाहेर येताच काही मिनिटांत आराम. सपाट झोपता येते, त्या स्थितीत धाप नाही. हृदय व छातीची तपासणी निर्दोष. लिफ्ट व बंद खोली सुमारे २० वर्षे टाळतात. इतर ठिकाणी भीतीचे झटके नाहीत. गर्दीची भीती नाही. पूर्वीचा आघात नाही. या भीतीमुळे दोन वेळा तपासणी अपूर्ण, उपचारास विलंब. निदान : विशिष्ट भयगंड, बंदिस्त जागेचा. मानसशास्त्रज्ञांकडे पाठविले. तपासणी आवश्यक, पूर्वतयारी करून पुन्हा घेणे.’

ही नोंद लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. परंतु पुढील डॉक्टर, परिचारिका वा तंत्रज्ञ कोणीही आले तरी त्यांना काय घडले, कशामुळे घडले, काय नाही हे तपासले आहे आणि पुढे काय करायचे आहे, ते एका दृष्टिक्षेपात कळते. रुग्णाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, असाही आमच्या तज्ज्ञांचा आग्रह आहे. ‘श्वास कोंडेल’ आणि ‘चक्कर येऊन पडेन’ या दोन वाक्यांत निदानाचा फरक दडलेला असू शकतो.

कोड म्हणजे खतावणी

डॉक्टरांची नोंद ही रोजकीर्द मानली, तर अभिलेख विभागाचे काम खतावणीचे. प्रत्येक निदानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील, म्हणजे आय. सी. डी.मधील, एक संकेतांक दिला जातो. वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली आणि १९९४ पासून सदस्य देशांत वापरात येऊ लागली. तिच्यात भयविकारांचा गट एफ ४० हा आहे. एफ ४०.० हा अगोराफोबिया, एफ ४०.१ हा सामाजिक भयगंड आणि एफ ४०.२ हा विशिष्ट भयगंड. बंदिस्त जागा, उंची, प्राणी यांच्या भीती या शेवटच्या एकाच खात्यात जमा होतात.

अमेरिकेने स्वतःच्या वापरासाठी याच आवृत्तीचा विस्तार केला व तो १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे अमलात आहे. त्यात परिस्थितीजन्य भयगंडांना पोटखाती आहेत : बंदिस्त जागेसाठी एफ ४०.२४०, उंचीसाठी एफ ४०.२४१, पुलांसाठी एफ ४०.२४२, विमानप्रवासासाठी एफ ४०.२४३ आणि उरलेल्यांसाठी एफ ४०.२४८. रक्त, सुई व इजा यांच्या भीतीला एफ ४०.२३ हा वेगळा उपगट आहे. आपल्या अनेक सुशिक्षित तरुण-तरुणींना आज मेडिकल कोडिंगच्या क्षेत्रात नोकरी मिळते. त्यांना हे आकडे परिचित असतील. गंमत अशी, की उंचीची भीती या विस्तारात परिस्थितीजन्य गटात आहे, तर डी. एस. एम. तिला वादळ, पाणी यांच्याबरोबर नैसर्गिक पर्यावरणाच्या गटात बसवते. शहाण्या हिशेबनिसांतही एखादा खर्च कोणत्या खाती टाकावा यावर मतभेद होतात, त्यातलाच हा प्रकार.

अकराव्या आवृत्तीला जागतिक आरोग्य परिषदेने २०१९ मध्ये मान्यता दिली व ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात विशिष्ट भयगंडाचा संकेतांक ६बी०३ असा आहे आणि सर्व प्रकार त्याच एका शीर्षाखाली येतात. संकेतांक जितका व्यापक, तितकी डॉक्टरांची शब्दांतील नोंद अधिक मोलाची. भीती लिफ्टची की विमानाची, हे तो आकडा सांगत नाही.

दहाव्या आवृत्तीतील आणखी दोन संकेतांक येथे महत्त्वाचे आहेत. झेड ५३.२ चा अर्थ, रुग्णाच्या निर्णयामुळे नियोजित प्रक्रिया झाली नाही. झेड ९१.१ चा अर्थ, उपचारांचे पालन न केल्याचा पूर्वेतिहास. ‘सहकार्य नाही’ एवढाच शेरा अभिलेख विभागाच्या हाती आला, तर कर्मचारी यांपैकीच एखादा आकडा टाकणार, त्यात त्याचा दोष नाही. झेड ५३.२ काय घडले ते सांगतो, एफ ४०.२ का घडले ते सांगतो. दोन्ही जोडीने लिहिता येतात. एकट्या झेड ९१.१ ने मात्र आजारी माणूस बेजबाबदार ठरतो आणि तो ठपका फाइलबरोबर वर्षानुवर्षे फिरतो.

कोड लिहिताना येणाऱ्या दोन विनंत्या

कार्यालयात आमच्याकडे दोन परस्परविरुद्ध विनंत्या येतात. काही नातेवाईक म्हणतात, ‘साहेब, मुलीचे लग्न व्हायचे आहे, मानसिक आजाराचे नाव कागदावर घालू नका.’ काही म्हणतात, ‘विमा मंजूर होईल असे काहीतरी लिहा.’ दोघांची काळजी आम्हांस समजते. दोघांनाही आमचे उत्तर एकच असते : संकेतांक निदानामागून चालतो आणि निदान तपासणीमागून. आमच्या कार्यालयाला त्यात अक्षरही बदलण्याचा अधिकार नाही. नसलेला आजार लिहिणे ही विमा कंपनीची फसवणूक आहे आणि असलेला लपविणे ही रुग्णाची.

पहिल्या विनंतीमागील भीती दूर व्हावी म्हणून कायद्याची माहिती देतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाच्या मानसिक आजाराविषयीची माहिती गोपनीय ठेवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. आपल्या नोंदी पाहण्याचा हक्कही हा कायदा रुग्णाला देतो. केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती विकृतचित्त आहे असे मानता येत नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी विमा कंपन्यांवर त्याने टाकली आहे. मात्र बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मिळेल की नाही हे पॉलिसीच्या अटींवर अवलंबून असते. त्या अटी दावा करण्यापूर्वी वाचाव्यात, आमचे कार्यालय साह्य करील.

उपचार आणि आम्ही केलेले बदल

भयगंडांत परिस्थितीला क्रमाक्रमाने सामोरे जाण्याची उपचारपद्धती सर्वाधिक परिणामकारक मानली जाते. त्या भगिनी प्रथम दार उघडे असलेल्या, थांबलेल्या लिफ्टमध्ये मानसशास्त्रज्ञांसोबत नुसत्या उभ्या राहिल्या. मग दार मिटून काही क्षण. मग एक मजला. पुढे दुपारच्या सुटीत, तपासणी सुरू न करता, त्या एम. आर. आय.च्या टेबलावर पडून राहिल्या व हातातील घंटीचा फुगा दाबताच आपल्याला बाहेर काढले जाते, याची त्यांनी स्वतः दोनदा खात्री करून घेतली. काही आठवड्यांनी त्यांची तपासणी पूर्ण झाली. झोपेच्या औषधाची गरज पडली नाही. ज्यांची तपासणी इतकी थांबू शकत नाही, त्यांच्यासाठी भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली गुंगीचे औषध हा मार्ग उपलब्ध असतोच.

व्यवस्थेत आम्ही चार बदल केले. ‘सहकार्य नाही’ हा शेरा एकटा लिहिण्यास आता मनाई आहे; कारण लिहावे लागते. तपासणीची तारीख देतानाच रुग्णाला तीन प्रश्न विचारले जातात : सपाट झोपता येते का, लिफ्ट वा बंद खोली टाळता का, पूर्वी अशी तपासणी अर्धवट राहिली होती का. यंत्राचा आवाज, लागणारा वेळ व घंटी यांची माहिती मराठीत छापून देण्यात येते. आणि अंगावरील धातूच्या वस्तू काढून, नेहमीची सुरक्षा तपासणी झाल्यावर, एका नातेवाइकास रुग्णाजवळ थांबू दिले जाते.

यांपैकी कशालाही मोठा खर्च आलेला नाही. मोठा खर्च येतो तो मानसशास्त्रज्ञांच्या वेळेचा आणि तो भागविण्यासाठी आम्ही देणगीदारांपुढे हात पसरतो. यंत्रासाठी देणगी मिळते, त्यावर दात्याचे नाव कोरता येते. अर्धा तास शांतपणे प्रश्न विचारणाऱ्या माणसावर नाव कोरता येत नाही. पण त्याच्यावाचून ते यंत्र काही रुग्णांसाठी बंदच राहते.

एक गोष्ट नमूद केल्याविना हा लेख संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या भगिनींची शस्त्रक्रिया झाली, वेदना थांबल्या, त्या आता लिफ्टने येतात. पावलातील शक्ती मात्र पूर्ण परतलेली नाही. पहिल्याच दिवशी वहीत चार शब्दांऐवजी कारण लिहिले गेले असते, तर ते महिने वाया गेले नसते. त्यांनी आमच्याकडे कधी तक्रार केली नाही. ही नोंद आम्हीच आमच्या नावे टाकीत आहोत.

नातेवाइकांस विनंती एवढीच, की आपले माणूस जिने चढून का येते, कडी का लावत नाही, प्रवास का टाळते, हे आपणांस ठाऊक असते. ‘स्वभाव’ म्हणून ते मनात ठेवू नये; तारीख घेतानाच खिडकीवर सांगावे. ज्यांना येथवर येणे शक्य नाही, त्यांनी शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलावे. पुढील अहवालात अपूर्ण तपासण्यांचा हिशेब कारणांसह आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही येथे मान्य करतो.